मॉनिटर, टीव्ही, प्रोजेक्टर वायरशिवाय जोडणे : काय चालतं, काय अडतं, कुठे वायरच टाकावी

तारायंत्र

मंडळी, लॅपटॉप किंवा फोन टीव्हीला वायरशिवाय कसा जोडायचा हे ओळखीतले लोक सारखे विचारतात आणि प्रत्येकाला फोनवर सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बाकीच्यांनी आपापले अनुभव टाका, म्हणजे एकाच जागी सगळं सापडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "वायरलेस" म्हटलं की लोकांना ती एकच सोय वाटते, पण त्यात निदान दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत आणि बहुतेक वैताग त्यांची गल्लत झाल्यामुळे होतो. पहिला प्रकार मिररिंगचा, म्हणजे तुमच्या स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा सतत व्हिडिओ बनवून तो टीव्हीकडे पाठवायचा. दुसरा कास्टिंगचा, यात फोन टीव्हीला फक्त "अमुक व्हिडिओ इथे आहे" एवढंच सांगतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो ओढून घेतो. पहिल्यात तुम्ही घरी स्वयंपाक करून डबा घेऊन जाताय, दुसऱ्यात नुसता खाणावळीचा पत्ता देताय. म्हणून यूट्यूब कास्ट केल्यावर फोन खिशात टाकला, कॉल घेतला तरी टीव्हीवर व्हिडिओ चालूच राहतो, आणि मिररिंग करताना फोन लॉक झाला की टीव्ही काळा.

आता ह्याला कुठली नावं आहेत ते. मिररिंगचं सगळ्यात पसरलेलं तंत्र म्हणजे मिराकास्ट, वायफाय अलायन्सने २०१२ साली आणलं. ते वायफाय डायरेक्टवर चालतं, म्हणजे दोन उपकरणं एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये राउटर लागत नाही आणि इंटरनेट तर मुळीच लागत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण "आमच्याकडे नेट नाही म्हणून टीव्हीवर दाखवता येत नाही" असं खूप जण समजून बसलेत. विंडोजमध्ये ८.१ पासून मिराकास्ट आहे. विंडोजचं बटण आणि के एकत्र दाबलं की आजूबाजूच्या स्क्रीनची यादी येते. मॅक आणि आयफोनमध्ये मिराकास्ट नाही, त्यांचं एअरप्ले. गुगलच्या पिक्सेल फोनमध्येही मिराकास्ट नाही, तिथे गुगल कास्ट. सॅमसंगच्या फोनमध्ये स्मार्ट व्ह्यू नावाने मिराकास्ट मिळतं. बाकी कंपन्यांनी त्याच बटणाला कास्ट, स्क्रीनकास्ट, वायरलेस प्रोजेक्शन अशी मनाला येतील ती नावं दिलीत, त्यामुळे नावावर जाऊ नका. तुमच्या फोनला मिराकास्ट येतं का आणि समोरच्या टीव्हीला येतं का, हे दोनच प्रश्न विचारा.

चित्र अडखळतं का, ह्याचं कारण साध्या हिशोबात आहे. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाखांवर ठिपके, प्रत्येकाचे २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार केला तर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट होतात. फोर-के ला त्याच्या चौपट. एचडीएमआयची वायर हे सगळं न दाबता जसंच्या तसं नेते. घरातलं वायफाय एवढं ओझं उचलू शकत नाही, म्हणून मिराकास्ट तो व्हिडिओ एच.२६४ नावाच्या पद्धतीने दाबून (कॉम्प्रेस करून) काही मोजक्या मेगाबिटवर आणतं, हवेतून पाठवतं आणि पलीकडे टीव्ही तो परत उलगडतो. ह्या दाबण्या-उलगडण्यात वेळ जातो आणि बारीकसारीक तपशीलही जातो. सिनेमात ते कळत नाही. एक्सेलच्या बारीक अक्षरात आणि माउसच्या बाणात लगेच कळतं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की बघण्यासाठी वायरलेस, दाखवण्यासाठी वायरलेस, पण रोज आठ तास ज्या मॉनिटरसमोर बसून काम करायचंय तिथे वायर. मॉनिटरला पॉवरची वायर तशीही लागतेच, तिच्यासोबत अजून एक गेली तर काही बिघडत नाही. आणि हल्ली टाइप-सी वाले मॉनिटर आलेत त्यात एकाच वायरने चित्रही जातं आणि लॅपटॉप चार्जही होतो.

विचारा काय विचारायचं ते.

गुरुजी_गोदाकाठ

तारायंत्र सर, फार उपयोगी लिहिलंत. मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, दोन शिक्षकी शाळा. गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून ४३ इंची टीव्ही घेऊन दिलाय पण शाळेत वायफाय नाही, मोबाईलची रेंज पण वर्गात एक कांडी आली तर आली. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ पोरांना दाखवायचे असतात, पण ४० पोरं आणि एक मोबाईल, मागच्याला काही दिसत नाही. टीव्ही वाल्याने सांगितलं की नेट घ्या मग दिसेल. आणि मी टाइप-सी ते एचडीएमआय वायर पण आणली होती, तिनं काहीच दिसत नाही, दुकानदार म्हणतो वायर चांगली आहे मोबाईल बदला. आता मोबाईल कुठून बदलायचा.

तारायंत्र

गुरुजी, नेट घ्यायची काही गरज नाही. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुटमध्ये जाऊन स्क्रीन मिररिंग, स्क्रीन शेअर किंवा वायरलेस डिस्प्ले असं काही आहे का बघा. असेल तर ते उघडून ठेवा आणि मग फोनमध्ये वायफाय चालू करून (कुठल्या वायफायला जोडलेला नसला तरी चालेल, नुसतं चालू पाहिजे) कास्टचं बटण दाबा. टीव्हीचं नाव आलं की झालं. व्हिडिओ मात्र घरून किंवा रेंज असेल तिथून दीक्षा ॲपमध्ये आधी डाउनलोड करून आणा, म्हणजे वर्गात नेटचा प्रश्नच येत नाही.

वायरीचं दुकानदार खरं बोलतोय. टाइप-सी चं भोक सगळ्या फोनला एकसारखं दिसतं पण त्यातून चित्र बाहेर यायला आत डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय असावी लागते आणि बजेट फोनमध्ये ती सहसा नसते. ती नसेल तर कितीही महागडी वायर आणा, टीव्हीवर काही येणार नाही. तुमच्यासाठी मिराकास्टच.

शाई_निळी

गुरुजी, माझी बहीणही जि.प. शाळेत शिकवते म्हणून अगदी जवळचा विषय वाटला. ती एक करते ते सांगते, स्वतः बनवलेले व्हिडिओ, कवितांचे ऑडिओ, चित्रं हे सगळं पेनड्राइव्हवर टाकून सरळ टीव्हीच्या यूएसबीला लावते. मिररिंग फक्त ॲपमधल्या गोष्टींसाठी. पेनड्राइव्हला ना बॅटरी लागते ना मध्येच फोन वाजतो. आणि मिररिंग करताना फोनचं डू नॉट डिस्टर्ब लावा नाहीतर व्हॉट्सॲपचे सगळे मेसेज पोरं मोठ्याने वाचून दाखवतात.

गुरुजी_गोदाकाठ

ताई, डू नॉट डिस्टर्बचं लक्षात ठेवतो, हे फार गरजेचं आहे. सर, टीव्हीत स्क्रीन शेअर सापडलं, उद्या शाळेत करून बघतो.

कपिलधार

खूप छान धागा, वाचनखूण साठवली.

माझा प्रश्न वर्क फ्रॉम होम बद्दल. कंपनीचा लॅपटॉप, विंडोज ११. घरी हॉलमधल्या टीव्हीला मिराकास्टने जोडते आणि एक्स्टेंड करून दुसरी स्क्रीन म्हणून वापरते. नुसतं काम करत असले तर ठीकठाक चालतं पण मीटिंग सुरू झाली आणि व्हिडिओ चालू केला की एकतर मीटिंगमधला आवाज तुटतो नाहीतर टीव्ही डिस्कनेक्ट होतो. नेट ३०० एमबीपीएसचं आहे, कंपनीच्या आयटीला विचारलं तर ते म्हणाले घरच्या टीव्हीला सपोर्ट देत नाही. नवरा म्हणतो राउटर जुना झाला बदलूया. बदलू का?

तारायंत्र

कपिलधारताई, राउटरवर इतक्यात पैसे घालू नका. तुमच्या लॅपटॉपमध्ये वायफायचा रेडिओ एकच आहे आणि तो एकाच वेळी दोन कामं करतोय, राउटरशी बोलून मीटिंग चालवायची आणि टीव्हीशी थेट बोलून चित्र पाठवायचं. राउटर एका चॅनलवर आणि टीव्हीची जोडणी दुसऱ्या चॅनलवर असेल तर रेडिओला क्षणाक्षणाला इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात, त्यात दोन्हीकडचा वेळ मारला जातो. नेट ३०० चं असो की हजारचं, ह्यात फरक पडत नाही, कारण अडचण इंटरनेटची नाही, घरातल्या हवेतल्या जागेची आहे.

ह्याच्यावर सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे लॅपटॉपला राउटरपासून लॅनची वायर लावा. मीटिंग वायरीतून जाईल, रेडिओ पूर्ण टीव्हीसाठी मोकळा राहील. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो, फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर चालतो का ते आधी विचारा. ते जमत नसेल तर निदान लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे ना ते बघा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, शेजाऱ्यांचे राउटर आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. फ्लॅटच्या सोसायटीत तिथे जागाच उरत नाही.

अजून एक, जोडल्यावर विंडोज बटण आणि के च्या त्या खिडकीत काम, व्हिडिओ, गेमिंग असे मोड दिसतील. व्हिडिओ मोडमध्ये चित्र सलग राहावं म्हणून ते मुद्दाम थोडं मागे ठेवतात, त्यामुळे काम करताना तो मोड लागलेला नको, माउस फार मागून येतो.

हिंजवडी_फेज३

+१. फक्त भर घालतो, मी ह्याच क्षेत्रात आहे. बऱ्याच कंपन्या पॉलिसीने वायफाय डायरेक्ट बंद करतात किंवा व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) लागल्यावर लोकल नेटवर्कशी बोलणं बंद होतं. म्हणजे व्हीपीएन नसताना टीव्ही किंवा प्रिंटर दिसतो आणि व्हीपीएन लागला की गायब, असं असेल तर तुमच्या घरातलं काहीही बिघडलेलं नाही, ते मुद्दाम तसं केलेलं असतं आणि त्याला कारणं आहेत. त्यावर खटपट करून पळवाट काढू नका, नोकरीचा प्रश्न आहे. सरळ एचडीएमआय लावा, पॉलिसीत वायरला सहसा कोणी अडवत नाही.

लॅपटॉपला मिराकास्ट आहे का हे बघायचं असेल तर विंडोजमधलं डीएक्सडायग (dxdiag) चालवून त्याची टेक्स्ट फाइल सेव्ह करा, त्यात मिराकास्टची एक ओळ असते, तिथे अव्हेलेबल लिहिलं असेल तर आहे.

दादरची_आजी

मला तांत्रिक फार कळत नाही पण प्रश्न विचारते. आमच्या टीव्हीवर परवा दुपारी अचानक कोणाचा तरी मोबाईल दिसायला लागला, कोणीतरी आपल्या मोबाईलमधले फोटो चाळत होतं. मी घाबरून टीव्हीच बंद केला. आमच्या इमारतीत सगळे चांगले लोक आहेत, मुद्दाम कोणी केलं नसणार. पण मग उलटं पण होत असेल ना, माझ्या नातीचे फोटो मी टीव्हीवर लावते ते दुसऱ्याच्या घरात दिसत असतील तर?

तारायंत्र

आजी, घाबरू नका, मुद्दाम केलेलं नसणार हे तुमचं अगदी बरोबर आहे. मिराकास्टला राउटर लागत नाही असं मी वर लिहिलंय, त्याचाच हा परिणाम. शेजारच्या घरातल्या माणसाने आपल्या टीव्हीऐवजी यादीतलं चुकीचं नाव निवडलं, दोन्हीकडे एकाच कंपनीचा टीव्ही असला की नावंही सारखीच दिसतात, आणि भिंत ओलांडून जोडणी झाली.

दोन गोष्टी नातीकडून किंवा मुलाकडून करून घ्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये टीव्हीचं नाव बदला, काहीही ठेवा पण तुमचं घर ओळखू येईल असं. आणि तिथेच बाहेरचं उपकरण जोडताना दर वेळी विचारावं किंवा पिन मागावा अशी सोय असते, ती चालू करा. मग कोणी जोडायला गेलं तर टीव्ही तुम्हाला विचारेल, तुम्ही रिमोटवर नाही म्हणायचं. तुमचे फोटो दुसरीकडे जायचं म्हणाल तर तुमच्या मोबाईलवर तुम्ही जे नाव निवडाल तिथेच ते जातात, आपोआप कुठेही जात नाहीत. नाव वेगळं ठेवलंत की तीही चूक व्हायची नाही.

दादरची_आजी

बरं झालं विचारलं. नातीला संध्याकाळी सांगते. सुखी राहा.

म्युनिकवासी

इकडून ॲपलवाल्यांसाठी. मॅकवरून टीव्हीला जोडायचं तर टीव्हीत एअरप्ले पाहिजे किंवा ॲपल टीव्हीचा डबा. माझ्या ऑफिसमधल्या मीटिंग रूममध्ये नुसतं मिराकास्टचं उपकरण होतं आणि अर्धी टीम मॅकवाली, त्यामुळे प्रत्येक मीटिंगची पहिली काही मिनिटं ह्यातच जायची, शेवटी टेबलावर एचडीएमआयची वायर कायमची ठेवली. ज्यांच्याकडे आयपॅड आहे त्यांनी मात्र साइडकार जरूर वापरून बघा, २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून आहे. आयपॅड मॅकची दुसरी स्क्रीन होतो, दोन्हीवर एकच ॲपल अकाउंट पाहिजे. वायरलेस प्रकारात मला कामासाठी पटलेली ही एकमेव गोष्ट, अक्षरं स्वच्छ दिसतात आणि प्रवासात वायरने पण जोडता येतं. आणि २०२१ च्या माँटेरेपासून मॅक स्वतः एअरप्ले घेऊ पण शकतो, म्हणजे आयफोन मॅकच्या स्क्रीनवर दाखवता येतो.

हिंजवडी_फेज३

विंडोजवाल्यांनाही असं करता येतं. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन वायरलेस डिस्प्ले टाका, मग तो लॅपटॉप मिराकास्ट घेणारी स्क्रीन बनतो. जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी हे करून बघा. अँड्रॉइड टॅबलेटला दुसरी स्क्रीन करायचं असेल तर स्पेसडेस्क नावाचं ॲप आहे, ते लॅन, वायफाय, यूएसबी सगळ्यावर चालतं आणि खरं सांगायचं तर यूएसबीवरच चांगलं चालतं.

जळगावकर_जी१

मी हॉस्टेलला असतो, पीसी रूममेटच्या टेबलावर आणि मोठा टीव्ही कॉमन रूममध्ये. गेम खेळायला मिराकास्ट बघितलं पण बटण दाबल्यावर गाडी वळेपर्यंत भिंतीवर आदळलेली असते. काही उपाय आहे का?

तारायंत्र

गेमसाठी मिराकास्टचा नाद सोड. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, दाबणं, पाठवणं, उलगडणं आणि वर टीव्हीची स्वतःची चित्र सुधारायची प्रक्रिया, ह्यात कितीतरी फ्रेम मागे राहतात. तुझ्यासाठी पीसीवर सनशाइन आणि टीव्हीच्या डब्यावर मूनलाइट, ही गेमचं चित्र पाठवायची आणि घ्यायची सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट आहेत, ग्राफिक्स कार्डातल्या हार्डवेअरने व्हिडिओ दाबतात आणि उशीर कमी ठेवायचा हाच त्यांचा मूळ उद्देश आहे. पीसी राउटरला लॅनने जोड, हवेतला प्रवास फक्त टीव्हीच्या बाजूला राहू दे. आणि टीव्हीला गेम मोड लाव, तो लावला की टीव्ही चित्रावर फालतू प्रक्रिया करत बसत नाही. हॉस्टेलच्या वायफायवर एक अडचण येईल, तिथे बहुतेक क्लायंट आयसोलेशन लावलेलं असतं म्हणजे एकाच वायफायवरची दोन उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. हॉटेलात क्रोमकास्ट नेल्यावर फोनला दिसत नाही त्याचंही कारण हेच. तसं असेल तर स्वतःचा छोटा राउटर लागेल, आणि तो लावायची हॉस्टेलची परवानगी आहे का ते विचारून घे.

माउसहाल

थोडं अवांतर पण वायरलेसच आहे म्हणून इथेच विचारतो. डेस्कटॉपला वायरलेस कीबोर्ड माउस आहे, डोंगल मागच्या यूएसबीला. रोज नीट चालतो पण बॅकअप घ्यायला एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की माउस उड्या मारतो आणि कीबोर्डची अक्षरं गळतात. सेल बदलून झाले, नवीन सेट पण आणला, तसंच. दुकानदार म्हणे व्हायरस असेल, फॉरमॅट मारा.

हिंजवडी_फेज३

फॉरमॅट अजिबात मारू नका. यूएसबी ३ चं पोर्ट आणि वायर चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट (नॉइज) करतात, इंटेलने २०१२ मध्येच ह्यावर सविस्तर लिहिलंय. तुमचा डोंगल त्याच पट्ट्यात ऐकतोय आणि हार्ड डिस्कच्या शेजारीच बसलाय, वर कॅबिनेटचा पत्रा मध्ये. यूएसबीची साधी एक्स्टेंशन वायर आणून डोंगल टेबलावर माउसच्या जवळ आणा, किंवा निदान पुढच्या यूएसबी २ च्या पोर्टला लावा. नवीन सेट आणूनही फरक पडला नाही कारण नवीन डोंगलही त्याच जागी बसला.

माउसहाल

एक्स्टेंशन लावली, हार्ड डिस्क चालू ठेवून हे टाइप करतोय, एकही अक्षर गळलं नाही. दुकानदाराला पण हे सांगतो, उगाच लोकांचे पीसी फॉरमॅट होतायत.

तपकीर_गल्ली_फॅन

टीव्ही जुना आहे, साधा एलईडी, एचडीएमआय आहे पण स्मार्ट नाही. पुण्यात तपकीर गल्लीत एचडीएमआयला लावायचे वायफाय डोंगल ढिगाने मिळतात, बॉक्सवर फोर-के लिहिलेलं असतं. मी एक घेतला तो दर थोड्या वेळाने आपोआप रीस्टार्ट होतो, गरम पण होतो. हे घ्यावेत का नाही?

तारायंत्र

रीस्टार्टचं बहुतेक कारण त्याचा वीजपुरवठा. डोंगलची पॉवरची वायर तुम्ही टीव्हीच्या यूएसबीला लावली असणार. यूएसबी २ च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, डोंगलने वायफाय जोरात चालवलं की त्याला जास्त लागतात आणि तो बसतो. मोबाईलचा जुना चार्जर, ५ व्होल्ट आणि १ किंवा २ अँपिअरचा, तो लावून बघा. शिवाय डोंगल टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटून असतो, तिथे सिग्नलही मार खातो आणि हवाही लागत नाही, सोबत एचडीएमआयची वीतभर एक्स्टेंशन मिळते ती वापरून त्याला बाजूला काढा.

घ्यायचेच असतील तर बॉक्सवर फोर-के काय लिहिलंय ते सोडा, तो ५ गिगाहर्ट्झ पकडतो का तेवढं विचारा. नुसता २.४ वाला फ्लॅटमध्ये घेऊ नका. दुसरं, भारतात वायफाय असलेल्या उपकरणाला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याचा वायरलेस विभाग) ईटीए मंजुरी लागते, बिननावाच्या डब्यांवर आयात करणाऱ्याचं नाव पत्ता पण नसतो, ते मी कोणालाच सुचवत नाही, कारण ते घरच्या वायफायचा पासवर्ड साठवतात आणि अपडेट कधीच येत नाही. थोडे जास्त पैसे घालून नावाजलेल्या कंपनीची स्टिक घेतलेली बरी.

शाई_निळी

आणि ओटीटीचं पण लिहा ना कोणी, लॅपटॉप किंवा फोन मिरर केला की मेनू दिसतो, आवाज येतो पण सिनेमाच्या जागी काळं.

हिंजवडी_फेज३

ते बिघाड नाही, कॉपी होऊ नये म्हणून ॲप मुद्दाम चित्र थांबवतं, मिररिंगच्या मार्गात हवी ती सुरक्षा नसली की काळं दाखवतं. तिथे मिरर करूच नका, ॲपमधलं कास्टचं बटण वापरा किंवा टीव्हीवरच ॲप टाका.

पंचगंगा_बॉइज

भावांनो आमचा विषय जरा मोठा आहे. कोल्हापुरात आमच्या मंडळाच्या गणपतीला स्टेजवर देखाव्याचे प्रयोग असतात, मागं गर्दी उभी असती त्यांना दिसावं म्हणून चौकाच्या दुसऱ्या टोकाला एलईडी स्क्रीन लावतो. कॅमेरा ते स्क्रीन साधारण ६० मीटर. गेल्या वर्षी भाड्यानं वायरलेस व्हिडिओ ट्रान्समीटर आणला, दुपारी टेस्ट केली एक नंबर चित्र, संध्याकाळी गर्दी झाली की तुटाय लागलं, आणि नेमकं आरतीला पूर्ण बंद. भाड्यावाला म्हणतोय माझं मशीन ओके आहे, दुपारी तुम्हीच बघितलं. ह्या वर्षी काय करू?

ध्वनिप्रकाश

मी मंडपाचं साउंड लाइटचं काम करतो इचलकरंजीत, हा प्रकार दर वर्षी बघतो. भाड्यावाला खोटं बोलत नाही आणि तुम्ही पण नाही. हे ट्रान्समीटर बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर चालतात. दुपारी चौक रिकामा. संध्याकाळी मध्ये हजार माणसं उभी, माणसाच्या अंगात पाणी आणि पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं. वर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, त्यातल्या कित्येकांचं वायफाय हॉटस्पॉट चालू. आरतीला सगळे हात वर करून मोबाईल धरतात, म्हणजे उरलीसुरली वाट पण बंद.

वायरलेसच करायचं असेल तर दोन्ही टोकं डोक्यांच्या वर घ्या, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही स्टँडवर दहा बारा फूट वर, एकमेकांना सरळ दिसले पाहिजेत, मध्ये कमानीचा पत्रा, फ्लेक्स, लाइटचा ट्रस काही नको. चॅनल संध्याकाळी गर्दी असताना स्कॅन करून निवडा, दुपारचा स्कॅन कामाचा नाही.

तारायंत्र

ध्वनिप्रकाश यांनी नेमकं सांगितलं. चॅनलबद्दल एक भर, ५ गिगाहर्ट्झमध्ये मधले काही चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, ५२ ते १४४. त्यावर असताना उपकरणाला रडारसारखं काही ऐकू आलं तर ते नियमानुसार चॅनल सोडून देतं आणि नवा चॅनलही त्यातलाच असेल तर त्यावर जाण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. ऐन कार्यक्रमात तो एक मिनिट फार मोठा असतो. ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे चॅनल मिळाले तर ते घ्या. आणि मंडळाचा स्वतःचा वायफाय राउटर स्टेजजवळ असेल तर तो त्या चॅनलपासून लांब ठेवा.

पण पंचगंगाकर, माझं मन विचाराल तर ६० मीटरला आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या आरतीला हवेवर विसंबू नका.

पंचगंगा_बॉइज

वायर टाकायची तर एचडीएमआय एवढी लांब चालत नाही म्हणतात ना? आणि रस्त्यातनं गर्दीच्या पायात वायर कशी टाकायची?

ध्वनिप्रकाश

साधी तांब्याची एचडीएमआय दहा पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही हे खरं आहे. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे एसडीआय, स्टुडिओच्या कॅमेऱ्यांना वापरतात ती व्हिडिओ जोडणी, चांगल्या कोॲक्सवर (केबल टीव्हीसारखी गोल वायर) फुल एचडी ६० मीटर आरामात जातं, बीएनसीचे कनेक्टर फिरवून लॉक होतात त्यामुळे ओढ बसली तरी सुटत नाही, दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लागतील पण ते भाड्याने मिळतात. दुसरा म्हणजे ऑप्टिकल एचडीएमआय, आत काचेचा धागा असतो, ६० मीटरला ती पण चालते, कन्व्हर्टर लागत नाही, पण गर्दीत कोणी तुडवली किंवा करकचून वळवली तर गेली, जाग्यावर दुरुस्त होत नाही. तुमच्या चौकाला मी एसडीआयच सांगेन. जमिनीवरून नका नेऊ, कमानीवरून किंवा दोन्ही बाजूच्या खांबांवरून वर उचलून न्या, लाइटच्या मेन वायरीला बांधू नका, वेगळी दोरी ताणून तिच्यावर टाका. वाहनं जातात त्या जागी उंची बघा, विसर्जनाचे ट्रॅक्टर आणि त्यावरचं डेकोरेशन वायरीखालून गेलं पाहिजे. महावितरणच्या खांबाला हात लावायचा नाही.

आणि ऑप्टिकलच घेतलीत तर ती एकाच दिशेने चालते. एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले असं छापलेलं असतं, सोर्सचं टोक कॅमेऱ्याकडे. वर बांधायच्या आधी जमिनीवर गुंडाळी असतानाच दोन्ही टोकं लावून चित्र बघून घ्या आणि मगच शिडीवर चढा.